ब्लँकचं झाकण

पार्टी मागू नका यार. मी लीड झाले हे तुम्हाला स्वरदाने सांगितलं ना? हो, झाले होते. सव्वीस दिवस. आता नाहीये. का नाहीये ते सांगते, पण मधे कोणी बोलायचं नाही, नाहीतर मला अर्ध्यावर रडू येईल आणि गोष्ट तिथेच राहील. चैतन्य, फोन खाली ठेव. उलटा ठेव.

आमचं काम काय असतं ते आधी ऐका, कारण दरवेळी तुम्ही मला "पाण्यावाली" म्हणता. पेट्रोल पंपाच्या खाली, जमिनीत, टाक्या असतात. लोखंडी, बसच्या आकाराच्या. तीस-चाळीस वर्षं झाली की त्या गंजतात आणि गळायला लागतात. वर काही कळत नाही. वर लोक टायरमध्ये हवा भरतायत, सुट्ट्यावरून भांडतायत, आणि खाली थेंब थेंब पेट्रोल मातीत चाललंय, मातीतून पाण्यात, आणि पाणी निघतं बाजूच्या सोसायटीच्या बोअरमध्ये. आम्ही जातो, जमिनीत मनगटाएवढ्या जाडीचे पाइप घालून बारक्या विहिरी करतो, त्यातलं पाणी काढतो, लॅबला देतो. मग सांगतो, कुठून आलं, कुठे चाललंय, कोणी हात लावायचा नाही.

ऑफिस साकीनाक्याला, एका गाळ्यावर. खाली स्क्रू बनवायची मशीन दिवसभर खटाखट चालते, वर आम्ही सहा जणं. देवव्रत सर मालक. मी एम.एस्सी., फर्स्ट क्लास. मी जूनमध्ये लागले. निलेश नोव्हेंबरमध्ये लागला. हे महिने लक्षात ठेवा हां.

निलेश म्हणजे विक्रोळीचा, कन्नमवार नगरचा. नुसता बी.एस्सी. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर बोअर खणायच्या गाडीवर कामाला लागले, आणि हा शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर हिंडायचा. बस, एवढंच भांडवल. आणि नाक.

त्याच्या नाकाबद्दल मला बोलूच देऊ नका. नाही, बोलतेच. आम्ही मातीचा नमुना पिशवीत बंद करतो, मग मीटर लावून त्यातली वाफ मोजतो. मी मीटर काढणार, चालू करणार, ते गरम व्हायला पाच मिनिटं थांबणार, आकडा वहीत लिहिणार. निलेश काय करतो? पिशवीचा कोपरा उघडतो, नाकासमोरून एकदा फिरवतो आणि म्हणतो, "डिझेल. जुनं हाय." आणि मग माझं मीटर पाच मिनिटांनी तेच सांगतं! सर म्हणतात, "निलेश, वास घ्यायचा नाही, ते फुफ्फुसाला वाईट." आणि पुढच्याच पिशवीला स्वतःच हळूच विचारतात, "काय वाटतं रे?"

मला कधीच विचारलं नाही काय वाटतं. मला नेहमी विचारतात, "निधी, आकडा किती?"

हसू नका. असं रोज होतं. चहावाला त्याला नावाने हाक मारतो, मला "मॅडम". ड्रिलिंगवाले आपले डबे त्याच्यासमोर उघडतात. मी त्यांना गूळपोळ्या नेल्या एकदा, घरच्या, तर त्यातल्या अर्ध्या त्यांनी निलेशलाच दिल्या. माझ्याच पोळ्या, माझ्यासमोर!

तर, मार्चमध्ये काम आलं मुलुंडचं. अरे, माझ्या मुलुंडचं! आणि कुठलं, तर वनमाला मावशीच्या बिल्डिंगला लागून जो पंप आहे ना, तो. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, तुम्ही सगळे तिच्याकडे जेवलायत. सोसायटीने तक्रार केली होती की बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. तिथे स्वयंपाकाला पालिकेचं पाणी, आणि बोअरचं फ्लशला, जिने धुवायला, गाड्या धुवायला. फक्त एक खोली सोडून. खाली वॉचमनची खोली आहे, राजेश आणि त्याची बायको जयंती राहतात, त्यांना नळ एकच, तो बोअरचा. प्यायचं पाणी कळशीने वरून आणतात, बाकी आंघोळ, कपडे, भांडी सगळं बोअरवर.

मी प्लॅन केला. बारा पानांचा. रंगीत नकाशा, जमिनीचा उतार, पाणी खाडीच्या दिशेने पूर्वेला जाणार म्हणून निळे बाण, चार विहिरींच्या जागा. तीन रात्री बसले होते. सरांनी सगळी पानं उलटली. म्हणाले, "छान केलंयस. निलेश, हे तू लीड कर. निधी तुला असिस्ट करेल."

मी म्हटलं, "सर, ते माझं घराजवळचं आहे. माझी मावशी राहते तिथे."

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "आणि साइटवर माणसं हाताळावी लागतात."

म्हणजे काय? मी माणसं नाही हाताळत? तुम्हाला नाही हाताळत मी दहा वर्षं?

पुढे ऐका. पहिल्या दिवशी साइटवर गेलो. मी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरून जागा मोजतेय, आणि हा गायब. अर्ध्या तासाने बघते तर मावशीच्या गॅलरीत बसलाय, हातात कोकम सरबत. मावशी त्याला हातवारे करून काहीतरी दाखवतेय. खाली आला आणि म्हणाला, "निधी, चौथी विहीर हितं नको. मागे घेऊया. सायकली लावतात ना, तिथे."

"का? पाणी पूर्वेला जातं. सायकली पश्चिमेला आहेत."

"तिथे जुनी विहीर होती गं. बिल्डिंग बांधताना डबर नि वाळू टाकून बुजवली. तुझ्या मावशीने बघितलीय. नवीन लग्न होऊन आलेली तेव्हा. अशा बुजवलेल्या विहिरीत सगळं आधी उतरतं, माती घट्ट असते ना बाजूची, आणि ही पोकळ. बोअर तिच्या अगदी बाजूला हाय बघ."

मी तशीच वर गेले. "मावशी, तू मला कधी सांगितलं नाहीस की इथे विहीर होती?"

मावशी म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

चोवीस वर्षं मी त्या घरात जातेय! मे महिन्याच्या सुट्ट्या काढल्यात! त्या सायकलींच्या शेडमध्ये लपाछपी खेळलेय मी, म्हणजे त्या विहिरीवर उभी राहिलेय! आणि कोण कुठला विक्रोळीचा, अर्ध्या तासात विहीर काढतो.

आणि अर्थात तिथे खणल्यावर जी माती वर आली, ती ओळखायला निलेशचं नाक लागलंच नाही. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून "गॅस लीक आहे का?" विचारत होता. सरांना फोनवर निलेशने सांगितलं तर सर म्हणाले, "शाब्बास." माझ्या बारा पानांना "छान", आणि त्याच्या खड्ड्याला "शाब्बास".

त्याच दिवशी मावशीने त्याला जेवायला बसवलं. मलापण बसवलं, पण मला म्हणजे ओघात. पानात काय, तर डाळिंब्यांची उसळ. तुम्हाला माहितीये वाल सोलणं काय असतं? भिजवायचे, मोड आणायचे, आणि मग एकेक वाल दाबून साल काढायची. तास तास जातो. मी मागायचे तर मावशी म्हणायची, "अगं, बोटं दुखतात आता, चवळी करते." निलेशसाठी बोटं दुखली नाहीत. आणि जेवून झाल्यावर मला म्हणते, "किती गुणी आहे गं. जेवताना ताट कसं स्वच्छ करतो." मी काय ताटात चित्रं काढते?

बरं. आता मुख्य गोष्ट.

पाण्याचे नमुने घ्यायच्या दिवशी एक ब्लँक असतो. हे नीट ऐका, कारण माझी वाट तिथेच लागली. ब्लँक म्हणजे लॅबमधलं एकदम शुद्ध पाणी. त्यात काहीही नसतं. ते साइटवर न्यायचं, नमुना घेतो तिथेच एका छोट्या काचेच्या व्हायलमध्ये ओतायचं, नमुन्याला लागतो तेवढा वेळ उघडं ठेवायचं, झाकण लावायचं, आणि बाकीच्या व्हायलबरोबर बर्फात. लॅबमध्ये त्याचा आकडा शून्य यायला पाहिजे. नाही आला, तर याचा अर्थ घाण विहिरीतून नाही, हवेतून आली, आमच्या हातातून आली. मग त्या दिवसाच्या बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्या सकाळी आम्ही बाइकमध्ये पेट्रोल भरत नाही, सेंट मारत नाही, हाताला क्रीमसुद्धा नाही. आणि पंपावर टँकर खाली करायला आला, की सगळी झाकणं लावायची, वहीत वेळ लिहायची, तासभर हातावर हात ठेवून बसायचं. हा नियम आहे. शेंबड्या पोराला पाठ होईल असा.

त्या दिवशी निलेशला सर्दी झाली होती. नाक लाल, आवाज बसलेला, रुमाल घेऊन फिरत होता. सर नव्हते. त्याने आधी बोअरचा पंप बराच वेळ चालवून जुनं पाणी काढलं, मग तीन व्हायल भरल्या. एक बुडबुडा नाही आत. झाकणं लावली, चिठ्ठीवर वेळ घातली, अकरा अठरा, आणि बर्फात ठेवल्या. मग मला म्हणाला, "तू ब्लँक लाव गं. मी मागची विहीर घेतो."

एम.एस्सी. फर्स्ट क्लास. ब्लँक लाव. म्हणजे एक बाटली उघडायची आणि तिच्याकडे बघत उभं राहायचं.

त्याचं सामान लागेपर्यंत वीसेक मिनिटं गेली, मग मी उघडली. झाकण हातात धरलं. काळं, छोटंसं, नखाएवढं. निलेश वीस पावलांवर वाकून दोरी सोडत होता विहिरीत. आणि भिंतीपलीकडे टँकर आला. भिंत केवढी, माझ्या छातीएवढी. हॉर्न, रिव्हर्सचं ते टूंऽ टूंऽ, मग पाइप जोडल्याचा आवाज, आणि मग वास. अरे, असा वास की डोळे चुरचुरले. माझं झाकण हातातच होतं. लावायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मी लावणारच होते. आईशप्पथ, लावणारच होते.

तेवढ्यात वरून गॅलरीतून मावशी ओरडली, "निलेश बाळा, आल्याचा चहा टाकू का रे? किती शिंकतोयस!"

निलेश बाळा.

मी तिच्या बरोब्बर खाली उभी होते. तिला दिसत होते मी. मला नाही विचारलं.

आणि मी झाकण नाही लावलं.

असं बघू नका माझ्याकडे. मी काही केलं नाही, हेच मी स्वतःला सांगत होते तिथे उभी राहून, मी काहीच करत नाहीये, नुसती उभी आहे. डोक्यात एकच चाललं होतं. लीड तो आहे ना? ब्लँक खराब आला तर कोणाला विचारतील? लीडला. मग कळू दे सरांना नाकाने सगळं होत नाही. बारा मिनिटं. मी मोजली. झाकण मुठीत घामाने ओलं झालं. मग लावलं, बर्फात ठेवलं, आणि फॉर्म भरला. फॉर्मवर एक ओळ असते: "परिसरात इंधनाचा वास किंवा टँकर". मी लिहिलं, "नाही".

हे मात्र मी केलं. हे नुसतं उभं राहणं नव्हतं.

निलेश आला, नाक पुसत पुसत फॉर्मवर सही केली. वाचलासुद्धा नाही. मग आम्ही वर जाऊन आल्याचा चहा प्यायलो. मलाही मिळाला. चांगला झाला होता.

दहा दिवसांनी आकडे आले, पाण्यात पेट्रोलचा अंश किती त्याचे. पंपाच्या आतल्या विहिरी, बाप रे, हजारात. मागची बुजवलेली विहीर, शेकड्यात. त्यांना ब्लँकने काय फरक पडणार? पण सोसायटीच्या बोअरचा आकडा आला अठरा. आम्ही दहाची रेघ धरतो, दहाच्या वर गेलं की वापर बंद. आणि ब्लँकचा आला अकरा.

मीटिंगला पंपवाल्यांचा माणूस आला होता, टाय लावून. त्याने तेवढंच पकडलं. "तुमच्या कोऱ्या पाण्यातच अकरा आहे साहेब. मग बोअरमधलं अठरा हवेतलं नाही कशावरून?" रिपोर्टात लिहावं लागलं की बोअरबद्दल काही सांगता येत नाही. पुढची फेरी तीन महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे. मधे फुकट नमुना काढू म्हटलं सरांनी, तर टायवाला म्हणाला, "ठरलेल्या फेरीशिवायचा आकडा आम्ही मानणार नाही."

मग सरांनी निलेशला केबिनमध्ये बोलावलं. मलापण. सरांनी विचारलं, "फॉर्मवर 'नाही' आहे. तू सही केलीयस. बघितलं होतंस?"

"नाय सर. न वाचता केली."

"न वाचता?"

"निधीने भरला होता ना सर."

एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलं पण नाही. "सर्दी होती सर, मला वास आला नाय. पण लीड मीच होतो. माझीच चूक."

आणि सर माझ्याकडे वळले. "निधी, मुलुंड आजपासून तू बघ."

खरं सांगू? पहिले चार दिवस मी हवेत होते. स्वरदाला फोन केला तो तेव्हाच. माझा नकाशा, माझे बाण, माझं नाव रिपोर्टवर पहिलं. सरांनी विचारलं, "निधी, काय वाटतं?" अरे, विचारलं! मी उत्तर दिलं, दहा मिनिटं दिलं. निलेश कोपऱ्यात बाटल्या धूत होता, त्याला बाटल्यांवर टाकला होता. मला वाटलेलं मस्त वाटेल बघून. पण तो माणूस बाटल्यासुद्धा अशा धुतो ना, खालचा स्क्रूवाला येऊन गप्पा मारत उभा. काय करायचं?

मग एका रविवारी मावशीकडे गेले, सांगायला. मी लीड झाले! मावशी म्हणाली, "अरे वा. मग निलेशचं काय झालं? येत नाही तो हल्ली."

मी चप्पल घालून खाली उतरले. रागाने. आणि खाली बोअरच्या नळावर जयंती कपडे धूत बसली होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले.

"ताई, पाणी बरं आहे ना आता?"

मी म्हटलं, "का गं?"

"ते निलेशदादा म्हणालेले, रिपोर्ट येईपर्यंत बोअर बंद ठेवा. महिनाभर राजेश वरून बादल्या आणत होता. मग सेक्रेटरीकाका म्हणाले, रिपोर्टात काय निघालं नाही, वापरा. पण वास तर येतोच. आणि हे बघा." तिने हात पुढे केले. कोपरापर्यंत कातडी निघालेली, लाल. "तुम्हीच मोठ्या ना आता? राजेश म्हणत होता."

ते पाण्याने झालं की साबणाने, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. तेच तर सांगायचं काम होतं आमचं! त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप, बर्फ, व्हायल, बारा पानं. आणि ते सांगणारा एक आकडा होता, अठरा, तो मी मारून टाकला होता. का, तर चहा विचारला नाही म्हणून.

मी काय म्हटलं तिला? "बघते हं," म्हटलं. आणि पळाले.

सोमवारी ऑफिसला सगळ्यात आधी पोचले. फाइल काढली. पंपाने टँकर यायच्या वेळा दिल्या होत्या आम्हाला, दुसऱ्याच कामासाठी. त्या दिवसाची वेळ बघितली. अकरा एकेचाळीस. बोअरच्या व्हायलवर निलेशच्या अक्षरात अकरा अठरा. कळतंय का? बोअरचा नमुना टँकर यायच्या आधीच बंद होऊन बर्फात गेला होता! त्याला हवा लागलीच नव्हती. उघडा होता फक्त ब्लँक, आणि तो कधी उघडा होता, किती वेळ, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तिने लिहून दिलं तर अठरा जिवंत. नाही दिलं तर जयंतीने अजून दोन महिने तेच पाणी वापरायचं.

मी लिहायला बसले. पहिल्या ओळीतच लिहिलं, "अनवधानाने झाकण उघडे राहिले". मस्त शब्द आहे ना? कोणाचंच काही जात नाही. ते घेऊन आधी निलेशकडे गेले, म्हटलं तो सुटेल, मलापण माफ करेल, सगळं गोड. तो बाटल्या उपड्या घालत होता. ओल्या हातानेच कागद धरला. वाचला.

"अनवधानाने?"

मी उपड्या बाटल्या मोजत राहिले.

"टँकर आला ना, तेव्हा मी वळून बघितलेलं तुझ्याकडे," तो म्हणाला. "नाक बंद होतं, कान नाय. तू टँकरकडेच बघत होतीस. मी माझी दोरी वर घेतली, मला वाटलं, झालं, लावलं असेल हिने झाकण. एम.एस्सी. हाय, तिला काय सांगायचं." मग कागद परत दिला, त्यावर त्याच्या बोटांचे ओले ठसे. "तेव्हाच माहीत होतं मला. आकडा आला तेव्हा."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? एकदा बघून मी परत पाठमोरा झालो. झाकण तर मी बघितलं नाय." आणि पहिल्यांदा आवाज चढला त्याचा. "आणि तुला काय गं झालेलं? मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

आता याला काय सांगणार? डाळिंब्या? तो परत बाटल्यांकडे वळला.

मी तिथेच "अनवधानाने" खोडलं. सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी वाचलं, मग चष्मा काढून परत वाचलं.

"वास आला होता तुला?"

"आला होता."

"टँकर दिसला होता?"

"हो."

"मग 'नाही' का लिहिलंस?"

खाली मशीन खटाखट खटाखट. मी म्हटलं, "निलेश लीड होता म्हणून."

सरांनी कागद टेबलावर सरळ करून ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "हे पण लिही. तारीख घाल, सही कर. मला हे पुढे पाठवायला लागेल, कळतंय ना? तुझ्या नावाने."

लिहिलं. सही माझी वाटतच नव्हती.

मग झालं ते पटापट झालं. टायवाला पहिल्यांदा नाचला, पण टँकरची वेळ त्याच्याच कागदावर होती, काय करतो? अठरा परत रिपोर्टात आला, खाली माझ्या चिठ्ठीसकट. नोटीस निघाली, बोअरला सील लागलं, पंपाची ती टाकी बंद केली. आणि सोसायटीने राजेशच्या खोलीत पालिकेच्या पाण्याचा नळ दिला. मावशी सेक्रेटरीच्या दारात जाऊन बसली होती म्हणे, नळ मिळेपर्यंत. जयंतीचे हात मी परवा बघितले. अजून तसेच आहेत. मलम लावतेय. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "एवढं लहान झाकण?" आणि आत गेली. त्यानंतर ताई म्हणून हाक नाही मारली तिने.

नोकरी आहे. सरांनी काढलं नाही. सहा महिने मला साइट बंद, बाटल्या धुवायच्या. लीड परत निलेश. म्हणून पार्टी नाही, कळलं?

थांबा, संपलं नाही. काल सकाळी निघताना मावशीचा फोन. "जाता जाता डबा घेऊन जा." मला वाटलं, चला, मावशीने माफ केलं. तिलाही सांगितलं होतं ना मी सगळं, फोनवर, आणि तिने "बरं" म्हणून फोन ठेवला होता. गेले, डबा घेतला, गरम, रुमालात बांधलेला. म्हणाली, "निलेशला दे. डाळिंब्या आहेत."

मुलुंड ते साकीनाका मांडीवर घेऊन गेले मी तो डबा. पोळत होता. त्याच्यासमोर नेऊन ठेवला. गेले दोन आठवडे आम्ही कामापुरतंच बोलतोय. त्याने उघडला, वास घेतला, ते नाक! डब्याच्या झाकणात अर्ध्या काढल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. म्हणाला, "खा. आणि त्या मोठ्या बाटल्या परत धू, फेस राहिलाय तळाला."

खाल्ल्या मी. काय झाल्या होत्या यार. आणि प्रत्येक घासाला जळत होते. मला वाटलेलं, आता एवढं सगळं झाल्यावर तरी जळायची थांबेन. नाही थांबले. फेसपण खरंच राहिला होता.

काय? नाही, स्वरदा, नाही आणणार मी त्याला इथे. नंबरपण नाही देणार. तुम्हाला आवडेल तो. दोन तासांत तुम्ही सगळे त्याचे व्हाल, आणि तुम्ही तेवढेच उरलायत मला.